विशे गुरुजी आणि जास्तीचा मुलगा

विशे गुरुजींनी कधी कुठल्या मुलाला "काय केलंस म्हणून इथे आलास?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. नवा मुलगा पोलिसांच्या गाडीतून उतरला, की पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेले गुरुजी त्याच्यासमोर उभे राहत, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत आणि विचारत, "आवणी केलीस का रे कधी?" आवणी म्हणजे भाताची लावणी. कल्याण स्टेशनावर पाकिटं मारणाऱ्या नाहीतर भिवंडीच्या यंत्रमागांच्या गल्लीत वाढलेल्या पोरांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. एकाला वाटलं, आपल्यावर आणखी एक कलम लावताहेत. तो हात जोडून म्हणाला, तो मी नव्हतो, मी त्या दिवशी मामाकडे होतो. आषाढाचे दिवस होते. गुरुजींनी त्याला दुसऱ्याच दिवशी चिखलात उभं केलं.

हे नव्वदच्या दशकातलं. शहापूरजवळ, सापगावच्या अलीकडे, नदीच्या अंगाला आमचं सुधारगृह होतं. कायद्याच्या कचाट्यात सापडलेली मुलं तिथं कोर्टाच्या हुकमानं राहत. पाटीवर भलंमोठं सरकारी नाव होतं, पण गाव त्याला रिमांड होम म्हणायचं आणि मुलंही तेच म्हणायची. मी तिथं परिविक्षा अधिकारी होते, म्हणजे मुलांच्या घरी जाऊन, चौकशी करून कोर्टाला अहवाल देणारी बाई. मुंबईत समाजकार्य शिकून आले होते, त्यामुळे पहिली दोन वर्षं मला सगळ्यांचाच राग येई. विशे गुरुजींचा जरा जास्त.

गुरुजी शेणव्याचे, कुणब्याच्या घरचे. शेती आणि साक्षरता हे दोन विषय त्यांच्याकडे होते आणि दोन्हींत फरक करायची त्यांना गरज वाटत नसे. डोक्यावर टोपी, टोपीच्या दुमडीत खडूचा तुकडा. एका पावसाळ्यात वर्गाचा फळा भिंतीसकट खाली आला. नवा फळा मंजूर होईपर्यंत गुरुजी थांबले नाहीत. सुधारगृहाची एक म्हैस होती, चांगली काळीभोर आणि रुंद. गुरुजींनी तिला अंगणात बांधलं आणि तिच्या कुशीवर खडूने अक्षरं गिरवायला घेतली. म्हैस 'क'पासून 'ङ'पर्यंत स्वस्थ उभी राही. 'च' आला की शेपूट उडवी, आणि पुढचं सगळं पुसून जाई. त्यामुळे त्या वर्षीची तुकडी पहिल्या पाच अक्षरांत अतिशय पक्की होती. वरून तपासणीला आलेल्या साहेबांनी एका मुलाला विचारलं, पुढची अक्षरं का येत नाहीत. तो म्हणाला, तिथून पुढं म्हैस शेपूट मारते.

आमचे अधीक्षक साहेब मूळचे नाशिककडचे, सरळ आणि भित्रे. दोन्ही गुण एकत्र असले की माणसाचे फार हाल होतात. गुरुजींनी त्यांचे ते हाल दहा वर्षं केले. कोठीची चावी एकदा गुरुजींकडून आवणीच्या चिखलात गेली ती गेलीच. पण मुलांचं जेवण कुठं अडलं नाही. घरफोडीत आलेला सलीम नावाचा एक मुलगा होता. तो रोज सकाळी एका तारेनं कुलूप उघडून द्यायचा आणि रात्री तसंच लावायचा. डाळ-तांदळाचा दाणा इकडचा तिकडे झाला नाही. साहेबांना हे कळलं ते सलीमच्या सुटकेच्या आठवड्यात, कारण गुरुजी त्यांच्याकडे विनंती घेऊन गेले होते की सलीमला आणखी चार दिवस ठेवून घ्यावं. पुढच्या मुलाला काम शिकवून झालं नव्हतं. साहेबांनी कपाळाला हात लावला. सुधारगृहात सरकारी देखरेखीखाली कुलूप उघडायचं शिक्षण चाललंय, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं दोनदा म्हणून पाहिलं आणि मग शिपायाला शहापूरला नवं कुलूप आणायला पिटाळलं.

मुलं पळूनही जात. सगळ्याच अशा संस्थांतून जातात. पळालेल्याच्या मागे धावणं गुरुजींना कमीपणाचं वाटे. ते घरून भाकरी आणि सुकट बांधून घेत आणि शहापूरच्या एसटी स्टँडवर जाऊन बसत. त्यांचं म्हणणं, पोर कुठनंही पळालं तरी दुपारपर्यंत भुकेलं होतं आणि भुकेलं पोर स्टँडवरच येतं. बहुतेक वेळा ते खरं ठरे, उरलेलीही आज ना उद्या परत येत. एकदा मात्र तिथं जाताना सायकल घसरून गुरुजी चरात पडले आणि घोटा सुजला. ज्यांना शोधायला निघाले होते ते दोघे जवळच्या आंब्याखाली लपले होते. ते गुरुजींना उचलून घेऊन आले. एकानं सायकल ढकलत आणली, दुसऱ्यानं गुरुजींना पाठुंगळी घेतलं. फाटकात साहेबांनी विचारलं, कोण कुणाला घेऊन आलंय. गुरुजी पाठीवरूनच म्हणाले की भाकऱ्या आधी खाऊन घेऊ द्या, मग काय लिहायचं ते लिहा.

मला हे गमतीचं वाटत नसे. मुलांचं आयुष्य सुधारायचं म्हणजे काही शिस्त, काही पद्धत हवी, असं मी त्यांना सुनवायचे. ते मान डोलवून ऐकत आणि शेवटी विचारत, "बाई, तुमी केली का कधी आवणी?" मी केली नव्हती.

मग म्हशाची जत्रा आली. पौषात मुरबाडकडे म्हसा गावी जत्रा भरते आणि बैलांचा मोठा बाजार लागतो. आमच्या शेतीचा एक बैल पावसाळ्यात मेला होता आणि नवीन घ्यायची मंजुरी आली होती. बैल पारखणं हा शेतीच्या शिक्षणाचा भाग आहे, असं म्हणत गुरुजींनी चांगल्या वागणुकीची मुलं बरोबर न्यायची परवानगी मागितली. साहेब आठवडाभर नाही म्हणत राहिले. शेवटी जाताना-येताना मोजणी करायची, या अटीवर हो म्हणाले.

गुरुजींची मोजणीची पद्धत बैलांची होती. मुलांच्या जोड्या लावायच्या, प्रत्येकानं आपल्या जोडीदाराचा हात धरायचा, जोडी मोडली की चूक कळते. त्या दिवशी मुलं विषम निघाली. उरलेल्या एकाचा हात गुरुजींनी स्वतः धरला. जत्रेत दिवसभर फिरणं, बैलांचे दात बघणं, जिलेबी, पाळणे, सगळं झालं. निघायच्या वेळी गुरुजींनी जोड्या लावल्या. सगळ्या जोड्या लागल्या आणि गुरुजींचे दोन्ही हात मोकळे राहिले. त्याचा त्यांना आनंदच झाला, कारण बैलाचा कासरा धरायला हात हवेच होते. टेम्पोत मध्ये बैल आणि भोवती चादरी पांघरलेली मुलं, अशी ही वरात दिवेलागणीला फाटकात आली.

मोजणी अधीक्षक साहेबांनी केली. मग पुन्हा केली. मग मला बोलावून माझ्याकडून करून घेतली. एक मूल जास्त भरत होतं.

कमी भरलं तर काय करायचं, याचे नियम होते. पोलिसांना कळवायचं, वर कळवायचं, घरच्यांना कळवायचं. जास्त भरलं तर काय करायचं, हे कुठल्याही नियमात नव्हतं. साहेब मफलर सोडत आणि बांधत राहिले. जास्तीचा मुलगा शोधायला वेळ लागला नाही. चादरी काढल्यावर एकाच्याच अंगात आमचा निळा शर्ट नव्हता. दहा-अकराचा असेल, पायाच्या टाचा फुटलेल्या, हातात अजून जिलेबीचा कागद. बाकीच्या सगळ्या मुलांना ठाऊक होतं. एकानंही तोंड उघडलं नव्हतं.

त्याचं नाव लहानू. डोंगराकडच्या वाडीवरचा. आईबाप भिवंडीच्या बाजूला वीटभट्टीवर होते. त्यांनी त्याला एका बैलांच्या व्यापाऱ्याकडे ठेवलं होतं. व्यापारी गाडीनं जाई आणि लहानू बैलांमागे चालत एका बाजारातून दुसऱ्या बाजारात. जत्रेत त्याला एकाच रंगाच्या शर्टातली मुलं रांगेत बसून खाताना दिसली. त्यानं चौकशी केली. मुलांनी खरं ते सांगितलं, की आम्ही रिमांडमधले, तिथं दोन वेळा जेवायला देतात, शिकवतात आणि बाहेर जाऊ देत नाहीत. मी त्याला विचारलं, हे ऐकून तुला भीती नाही वाटली का.

तो म्हणाला, "बाहेर जाऊ देत नाय म्हंजे मना कोन न्यायला पन येनार नाय ना?"

मी अनेक मुलांच्या मुलाखती घेतल्या होत्या. इथून कधी सोडणार, एवढा एकच प्रश्न त्या सगळ्यांना असे. ह्या मुलाचा प्रश्न उलटा होता.

दोन दिवसांनी व्यापारी मोटरसायकलवर आला. पोरगा माझा आहे, म्हणाला. गुरुजींनी त्याला फाटकातच गाठलं. बैल घेतला की पावती असते, तशी पोराची पावती दाखवा, म्हणाले. व्यापारी चिडला आणि पुढच्या आठवड्यात पोराच्या बापालाच घेऊन येतो, असं बजावून गेला. साहेबांनी मला आणि गुरुजींना खोलीत बोलावलं. बाप आला तर त्याला मुलगा द्यावाच लागणार होता. निराधार किंवा दुर्लक्षित मुलांसाठी कायद्यात वेगळी वाट होती, पण ती लांबची होती आणि तोवर बाप आलाच असता. साहेब हताश होऊन म्हणाले की काय करू, गुन्हा केल्याशिवाय इथं कुणाला ठेवता येत नाही.

हे वाक्य त्यांनी विशे गुरुजींसमोर उच्चारायला नको होतं.

गुरुजींनी लहानूला गुन्हेगार बनवायला घेतलं. पहिल्या दिवशी त्याला स्वतःची सायकल चोरायला लावली आणि पोलीस ठाण्यावरून घेऊन जा, म्हणजे पकडतील, असं समजावलं. लहानूला सायकल चालवता येत नव्हती. तो ती ढकलत ठाण्यापर्यंत गेला आणि कुणी पकडेना, म्हणून आत जाऊन उभा राहिला. हवालदाराला वाटलं, पोराला सायकल सापडली आणि ती जमा करायला आलाय. त्यानं त्याची पाठ थोपटली, वडापाव खाऊ घातला आणि अशी इमानदार पोरं हल्ली दिसत नाहीत, असा निरोप देऊन परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी त्याला शेणव्याला स्वतःच्या घरी कोंबडी चोरायला नेलं. खुराड्यापाशी गुरुजींच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्याला धरलं. वहिनींचा हात भारी, असं गुरुजी नेहमी सांगत. त्यांनी लहानूला पाटावर बसवून जेवू घातलं, डोक्याला तेल लावलं आणि परतताना कोंबडी त्याच्याच हातात दिली. चोरीची कोंबडी घेऊन दोघं संध्याकाळी सुधारगृहात आले, तेव्हा कोंबडीसकट कुणावरही गुन्हा दाखल होण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी मात्र भडकले. त्या दिवशी मी गुरुजींना अंगणात उभं करून बोलले की तुम्ही एका चांगल्या मुलाच्या कपाळावर गुन्हेगाराचा शिक्का मारताय, इथल्या मुलांना तो पुसायला किती वर्षं लागतात हे तुम्हालाच माहीत आहे.

गुरुजी पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलले. "शिक्का पुसता येतो, बाई. माज्या डोळ्यासमोर पुसलेत पोरांनी. पन बैलांच्या मागं चालत गेलेली वरसं परत नाय येत. त्याला नेला ना, तर तो मोठा होईपर्यंत चालतच राहील. मग तुमचा सुधारलेला कायदा कोनाला सुधरवनार?"

मुलाला गुन्हेगार ठरवणं मला मान्य नव्हतं. त्याला परत पाठवणं त्याहून नव्हतं. मग गुरुजींच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

त्यांचं म्हणणं असं, की लहानूनं गुन्हा केलेलाच आहे. सरकारी सुधारगृहात परवानगीशिवाय, चादर पांघरून, फसवून तो शिरलाय. हा गुन्हा नाही तर काय. दुसऱ्या दिवशी गुरुजी रीतसर तक्रार द्यायला गेले. फौजदारांनी त्यांना दोन-तीनदा विचारलं, मुलगा बाहेर पडताना सापडला ना. गुरुजी म्हणाले, नाय, आत शिरताना. फौजदारांनी पेन खाली ठेवलं, पाणी मागवलं आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग हसत हसत कागद ओढला. मुलाला कोर्टापुढं नेता आलं, हे महत्त्वाचं.

ठाण्याला मुलांच्या कोर्टात एक न्यायाधीश बाई बसत. दुर्लक्षित मुलांसाठीचं मंडळ आमच्याकडे अजून नेमलेलं नव्हतं, त्यामुळे ते कामही त्याच बघत. व्यापारी लहानूच्या बापाला घेऊन आला होता. बाप भिंतीला टेकून, पंचा दोन्ही हातांत पिळत उभा होता. न्यायाधीश बाईंनी तक्रार वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली. मग लहानूला जवळ बोलावून विचारलं, तिथं का शिरलास. त्यानं मला सांगितलं होतं तेच सांगितलं. त्यांनी बापाला विचारलं, मुलगा परत हवा का. बाप म्हणाला की भट्टीवर त्याला ठेवायला जागा नाही, पण हा इथं जेवत असेल तर राहू दे. व्यापाऱ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

न्यायाधीश बाई म्हणाल्या की हा गुन्हा नाही आणि हा मुलगा गुन्हेगारांच्या घरात राहणार नाही. त्या पुढं म्हणाल्या, कायद्यात अशा मुलाला एखाद्या योग्य व्यक्तीच्या ताब्यात देण्याची सोय आहे. अशी योग्य व्यक्ती कोण आहे? विशे गुरुजींनी वर्गात करतात तसा हात वर केला.

न्यायाधीश बाईंनी अधीक्षकांना उभं केलं. ही व्यक्ती जबाबदार आहे का, असं विचारलं. साहेबांच्या चेहऱ्यावरून दहा वर्षं सरकत गेलेली मला दिसली. म्हैस, कोठी, स्टँड, टेम्पो. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती आणि खरं बोलायची हिंमत नव्हती. त्यांच्या एका शब्दावर पोराचं सगळं अवलंबून होतं.

"बाई, हे जबाबदार आहेत, असं मी शपथेवर सांगू शकत नाही," साहेब म्हणाले. "पण इतक्या वर्षांत यांनी एकही मूल हरवलेलं नाही. उलट एक जास्तच आणलंय."

लहानू शेणव्याला गेला. त्याच्या जन्माची नोंद कुठंच नव्हती, म्हणून डॉक्टरांनी दात बघून वय ठरवलं आणि अंदाजानं जन्मतारीख आदेशावर लिहिली. म्हशाच्या बाजारात पण असंच करतात, गुरुजी डॉक्टरांना म्हणाले. त्या दिवसापासून मी अधूनमधून पाहणीला जाऊ लागले. गुरुजी लहानूला माझ्यासमोर उभं करत, नखं दाखवायला लावत, दात दाखवायला लावत, शाळेची वही पुढं करत आणि काही मोडतोड नसल्याचं सांगत. लहानू गणितात दरवर्षी गटांगळ्या खाई. वहिनींना तो आये म्हणू लागला, गुरुजींना गुरुजीच म्हणे. दहावीला तो पहिल्यांदा बसला तेव्हा सगळ्या विषयांत नापास झाला. दुसऱ्या वेळी निम्म्या विषयांत. त्या दिवशी गुरुजींनी गावात पेढे वाटले. लोकांनी विचारलं, पास झाला का. ते म्हणाले, अर्धा झाला.

मधे नवा कायदा आला, गुरुजी निवृत्त झाले, माझी बदली ठाण्याच्या जिल्हा कार्यालयात झाली. भातकापणीच्या दिवसांत एका सकाळी दोघं माझ्या टेबलापुढं येऊन उभे राहिले. गुरुजी थकले होते, धोतर मात्र कडक इस्त्रीचं. लहानू आता त्यांच्यापेक्षा हातभर उंच होता. नवा शर्ट, डोक्याला तेल आणि पायाशी नवी पत्र्याची पेटी. ठाण्याला काम आहे, एवढंच त्याला सांगितलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. गुरुजींनी आदेशाचा कागद खिशातून काढून माझ्यासमोर ठेवला.

"बाई, आज पोर अठराचा झाला. मुदत संपली. जमा करून घ्या."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या त्या माणसाला एक नियम पक्का ठाऊक होता, की सरकारनं ताब्यात दिलेली वस्तू मुदत संपली की धडधाकट परत करायची असते. बैल, फावडी, घमेली, सगळी त्यांनी निवृत्त होताना तशीच परत केली होती. त्याच हिशोबानं ते लहानूला परत करायला आले होते. पेटीत त्याचे कपडे होते आणि वहिनींनी बांधून दिलेले तांदळाचे लाडू. गुरुजींचे डोळे लाल होते. एसटीत ते सबंध वाटभर खिडकीकडे तोंड करून बसले असणार.

मी त्यांना समजावलं की मूल परत करायचं नसतं, आदेश संपला एवढंच. लहानू आता मोठा झाला. कायद्यानं तो आता कुणाच्याच ताब्यात नाही.

"कोनाच्याच नाय?" गुरुजींनी विचारलं. "माज्या पन नाय?"

"कायद्यानं नाही, गुरुजी."

त्यांनी मान हलवली. हे त्यांना परत करण्याहून वाईट वाटलं. मग हळूच म्हणाले की सही कुठं करायची ते दाखवा. मला काही दाखवता येईना, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

लहानूचा चेहरा रागानं काळवंडला होता. त्यानं वाकून पेटी उचलली आणि डोक्यावर घेतली.

"आये खळ्यावर एकटी हाय," तो म्हणाला. "भात उघड्यावर टाकून मना हितं जमा करायला आनलाव? उठा, गाडी जाईल."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. जाऊ का, असं त्या नजरेत होतं. मी मान डोलवली. आदेशाचा कागद तिथंच विसरून ते त्याच्या मागे निघाले.

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. लहानू पेटी घेऊन ताडताड पुढं चालला होता आणि गुरुजी धोतर सावरत मागून जवळजवळ पळत होते. चौकात रहदारी होती. लहानू थांबला, मागे वळला आणि गुरुजी पोहोचेपर्यंत उभा राहिला. मग दोघांनी मिळून रस्ता ओलांडला. मी गुरुजींना पाहिलं ते तेवढंच, त्यानंतर नाही. लहानू त्यांना काहीतरी जोरजोरात बोलत होता. गुरुजी खाली मान घालून मुकाट्यानं ऐकून घेत होते.